भिंतीवरचा वाघ

मधाचं पोळं ही ट्रॉफी आहे, असं कुणी म्हटलं तर आपण हसू. आपल्या डोक्यात ट्रॉफी म्हणजे कबड्डीच्या सामन्यात मिळालेला चकचकीत कप. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली ट्रॉफीची व्याख्या काढून पाहा. भुसा भरून उभा केलेला प्राणी, त्याचं मुंडकं, अंथरलेलं कातडं हे सगळं तिथं आहेच. पुढे शिंग, हाड, कवच, शिंपला, केस, पीस, नख, दात, सुळा, कस्तुरी, अंडी, घरटं आणि अगदी शेवटी मधाचं पोळं. मध काढायला जाणाऱ्याला या व्याख्येपायी कुणी धरत नाही. पण सांबराचं गळून पडलेलं शिंग जंगलातून उचलून आणून दिवाणखान्यात लावलं, तर तो गुन्हा ठरतो. सांबर दरवर्षी शिंगं टाकतो आणि त्याला नवी येतात. त्याला कुणी बोटही लावलेलं नसतं, तरी कायद्याच्या लेखी ते शिंग सरकारचं.

इतकं घट्ट कुलूप का घालावं लागलं, हे समजून घ्यायचं तर बोरगावच्या रस्त्यावर यावं. नागपूरहून छिंदवाड्याकडे निघालं, की सावनेर मागे पडतं, महाराष्ट्राची हद्द संपते आणि थोड्या वेळात बोरगावची औद्योगिक वसाहत लागते. रेमंडचा कापड कारखाना, मालमोटारींच्या रांगा, आणि रस्ता सोडून आत शिरलं की कपाशी नि संत्र्याच्या बागा. तालुका सौंसर, जिल्हा २०२३ पासून पांढुर्णा, राज्य मध्य प्रदेश. शाळा नि कचेरी हिंदीत, घरची भाषा मराठी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूरच होती. पूर्वेला पेंचचं जंगल, उत्तरेला सातपुड्याच्या रांगा. वाघाच्या कातड्याने साता समुद्रापलीकडे जाण्याचा एक मोठा रस्ता याच मुलखातून जायचा.

गेल्या काही वर्षांत ब्रिटनच्या संसदेत, बेल्जियममध्ये, जर्मनीत एक वाद पेटला: आपल्या नागरिकाने आफ्रिकेत जाऊन सिंह किंवा हत्ती मारला, तर त्याचं मुंडकं घरी आणू द्यायचं की नाही? त्या वादात नामिबिया, बोट्स्वाना, झिम्बाब्वे ही नावं येतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्यांच्या जागी आपण होतो. मारलेलं जनावर पाठवणारा देश म्हणजे भारत, आणि त्यातही मध्य भारत.

शिकारीला नागपूरचा पत्ता

इंग्रजांच्या काळात सातपुड्याची कीर्ती शिकारीमुळे झाली. कॅप्टन जेम्स फोर्सिथचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक १८७१ चं. रॉबर्ट स्टर्नडेलने शिवनीच्या जंगलावर १८७७ मध्ये लिहिलं, आणि त्याच भूमीवर पुढे किपलिंगने मोगलीला खेळवलं. वाघ तेव्हा उपद्रवी जनावरांत जमा होता; मारणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं. राजेरजवाड्यांची तर चढाओढच होती. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर अकराशेहून जास्त वाघ आहेत. कोरिया संस्थानाच्या महाराजांनी १९४७ मध्ये तीन चित्ते मारले; भारतातले ते शेवटचे चित्ते मानले जातात.

स्वातंत्र्य आलं, संस्थानं गेली, मालगुजारी गेली, पण बंदूक राहिली. उलट ती स्वस्त झाली. पिकांच्या रक्षणासाठी गावोगाव बंदुकीचे परवाने वाटले गेले. दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या जीप बाजारात आल्या. रात्री जीपवर झोतदिवा लावून निघालं, की मचाणावर रात्र काढायची गरज उरली नाही. दिव्यात डोळे चमकले की गोळी. कान्ह्याचं अभयारण्य १९३३ पासूनचं, तरी स्वातंत्र्यानंतरच्या चार वर्षांत विजयनगरमच्या महाराजकुमारांनी खास परवानगी काढून त्या परिसरात तीस वाघ मारले. त्यावरून ओरड झाली, आणि १९५५ मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झालं.

याच काळात शिकार हा पर्यटनाचा धंदा बनला. देशाला परकीय चलन हवं होतं आणि अमेरिकी, युरोपी शौकिनांना वाघ हवा होता. दोघांची गाठ घालून देणाऱ्या शिकार कंपन्या निघाल्या. त्यांतली एक नावाजलेली कंपनी म्हणजे नागपूरची ॲल्विन कूपर. ती चालवत होते विद्याचरण शुक्ल. मुख्यमंत्री रविशंकर शुक्लांचे हे चिरंजीव नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले, पुढे केंद्रात मंत्री झाले. राजकारणात येण्याआधीचा त्यांचा उद्योग हा होता: परदेशी पाहुण्याला उतरवून घ्यायचं, जंगलात तंबू ठोकायचे, वाघ समोर आणायचा. वनखात्याने जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडलेले असत. ठरावीक दिवसांसाठी ब्लॉक मिळे, परवान्यावर कोणती जनावरं किती मारायची ते लिहिलेलं असे. कागदावर सगळं बेताचं, हिशोबाचं. आज आफ्रिकेत कोटा ठरवून शिकार चालते, तिचा कागद याहून फार वेगळा नाही.

हाक्याचा दिवस

परवान्यावर 'एक वाघ' असं लिहिलेलं असे. ते दोन शब्द खरे करायला गावातली माणसं कशी राबत, ते जवळून पाहण्यासारखं आहे.

आधी बोदा बांधायचा. बोदा म्हणजे म्हशीचं नर वासरू. दुधाला निकामी म्हणून स्वस्त. नाल्याच्या काठी, वाघाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, संध्याकाळी त्याला खुंटीला बांधून माणसं परत यायची. सकाळी जाऊन पाहायचं: बोदा उभा असेल तर पाणी पाजायचं, मेला असेल तर धावत तंबूकडे. मारलेल्या जनावराला शिकाऱ्यांच्या बोलीत गारा म्हणत. भरपेट खाल्लेला वाघ लांब जात नाही. पाणी नि गार सावली बघून जवळच पडून राहतो. जाणता गोंड शिकारी पावलांचा माग बघून सांगे, की वाघ अमुक झोऱ्यात आहे.

मग हाका. आसपासच्या गावांतून शंभर-दीडशे माणसं जमवायची. साहेब मचाणावर. मचाणाच्या दोन्ही बाजूंना झाडांवर रोखे, म्हणजे वाघाची वाट रोखणारी माणसं, बसवायचे. त्यांचं काम ओरडण्याचं नाही. वाघ बाजूला वळू लागला तर नुसतं झाडाच्या खोडावर टकटक करायचं. तेवढ्या आवाजाने तो पुन्हा सरळ वाटेला लागतो. तिकडून हाकेकरी ढोल, डबे, टाळ्या, आरोळ्या यांच्या गजरात पुढे सरकायचे. वाघ पळत नाही, कानोसा घेत चालत येतो. गोळी बसली तर ठीक. न बसली किंवा नुसती जखम झाली, तर पायी असलेल्या हाकेकऱ्यांच्या अंगावर तो यायचा. मजुरी आण्यांत. जोखीम हाकेकऱ्याची, फोटो साहेबाचा.

वाघ पडला की मोजमाप. यातही गंमत होती. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोन खुंट्या ठोकून सरळ अंतर मोजलं तर लांबी कमी भरते. फीत पाठीच्या वळणावरून नेली तर तोच वाघ काही इंच वाढतो. लंडनच्या रोलंड वॉर्डने १८९२ पासून शिकारीच्या विक्रमांचं पुस्तक काढायला सुरुवात केली होती. त्यात नाव लागावं म्हणून या इंचांना मोल होतं.

मग त्याच दिवशी कातडं सोलायचं. उन्हाळ्यात उशीर झाला तर केस गळायला लागतात. आतल्या बाजूने चरबी खरवडायची, मीठ नि तुरटी चोळायची, सावलीत वाळवायचं. या वेळी कातड्यावर राखण बसवावी लागे, कारण मिशा, नखं आणि खांद्यातलं लहानसं सुटं हाड हां हां म्हणता गायब व्हायचं. ते हाड ताईत म्हणून बांधतात. चरबी सांधेदुखीला म्हणून बाटलीत जायची. साहेबाची ट्रॉफी भिंतीवर जायची, गावाची ट्रॉफी गळ्यात.

मीठ लावलेली बरीच कातडी पुढे म्हैसूरला जात. तिथली व्हॅन इंगेन अँड व्हॅन इंगेन ही पेढी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालत आलेली. कागदाच्या लगद्याचा साचा, त्यावर कमावलेलं कातडं, काचेचे डोळे, वासलेला जबडा. या एका कारखान्यातून त्याच्या हयातीत वाघ-बिबट्यांच्या सुमारे ४३,००० ट्रॉफ्या बाहेर पडल्या असा अंदाज आहे. जगभरच्या दिवाणखान्यांतला गुरगुरणारा वाघ अनेकदा म्हैसूरच्या साच्यातला असतो. वाघ मात्र कुठून कुठून आलेले, आणि त्यात आपलेही.

दाराच्या दोन्ही बाजूंनी कुलूप

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात ४०,००० वाघ असावेत, हा निसर्गतज्ज्ञ ई. पी. जी यांचा अंदाज. तो अंदाजच आहे, मोजणी नव्हे. पण साठचं दशक संपता संपता जंगलात फिरणाऱ्या कुणालाही घसरण दिसत होती. राजस्थानचे वनाधिकारी कैलाश सांखला यांनी दिल्लीतल्या कातड्यांच्या दुकानांत फिरून ढीग पाहिले आणि ते आकडे सरकारपुढे मांडले. त्याच सुमारास कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली. नोव्हेंबर १९६९ मध्ये जागतिक निसर्ग संरक्षण संघाची महासभा दिल्लीत भरली आणि वाघ संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. १ जुलै १९७० पासून देशभर वाघाची शिकार बंद झाली. शिकार कंपन्यांनी परकीय चलन बुडेल म्हणून गळा काढला. चलन हवं आहे, पण या देखण्या जिवांच्या बदल्यात नको, अशी भूमिका इंदिरा गांधींनी घेतली.

इथं एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्याच वेळी खरेदीदाराच्या बाजूनेही दार लागलं होतं. अमेरिकेने १९६९ मध्ये कायदा करून जगभरातल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या आयातीवर बंधन घातलं आणि १९७० च्या यादीत वाघ आला. म्हणजे इकडे वाघ मारणं बंद, आणि तिकडे मारलेला वाघ घरी नेणं बंद. पुढे १९७३ मध्ये वॉशिंग्टनला वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार झाला, तोच 'साइट्स'. भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. आज युरोपात ज्या आयातबंदीवर भांडण चाललंय, तिची चव वाघाच्या निमित्ताने आपण अर्ध्या शतकापूर्वी घेतलेली आहे.

१९७२ च्या गणतीत १,८२७ वाघ निघाले. त्याच वर्षी वन्यजीव कायदा आला. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ अभयवनांत कान्हा होतं आणि मेळघाटही. पेंचची पाळी १९९२ मध्ये आली, महाराष्ट्राच्या पेंचची १९९९ मध्ये.

तरी कुलूप लावलं म्हणजे चोरी थांबते असं नाही. घरात आधीपासून असलेल्या ट्रॉफीला मालकीचं प्रमाणपत्र मिळायचं, आणि त्या कागदाच्या आडून नवं कातडं 'आजोबांचं' म्हणून खपवता येत होतं. म्हणून १९८६ मध्ये संकटग्रस्त प्राण्यांच्या ट्रॉफ्यांचा देशांतर्गत व्यापारच बंद झाला. १९९१ मध्ये परवान्याने शिकार हा प्रकार संपला. २००३ मध्ये, ज्यांनी आजवर नोंद केली नाही त्यांना १८० दिवसांची शेवटची संधी मिळाली. त्यानंतर कागद नसलेलं कातडं म्हणजे सरळ गुन्हा. इतकं होऊनही सरिस्क्यातले वाघ २००४-०५ मध्ये संपले आणि पन्नातले २००९ पर्यंत. कातडी तिबेटमध्ये अंगरख्यांच्या किनारीला लागत होती. २००६ च्या आरंभी दलाई लामांनी कानउघाडणी केल्यावर तिबेटी लोकांनी असे अंगरखे चौकात जाळले. त्या मागणीला जेवढा लगाम शरमेने बसला, तेवढा पोलिसांनी बसला नव्हता.

तोच खटला, नवं कोर्ट

जुलै २०१५ मध्ये झिम्बाब्वेच्या ह्वांगे उद्यानाबाहेर एका अमेरिकी दंतवैद्याने सेसिल नावाचा सिंह मारला. त्याच्या गळ्यात ऑक्सफर्डच्या अभ्यासकांचा पट्टा होता. जग खवळलं. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी मार्चमध्ये सिंहाच्या ट्रॉफ्यांना दार बंद केलं होतं. नोव्हेंबरात फ्रान्सने तेच केलं. २०१६ मध्ये नेदरलँड्सने दोनशेहून अधिक प्रजातींच्या ट्रॉफ्यांवर बंदी घातली, २०२४ मध्ये बेल्जियमच्या संसदेने कायदा केला. ब्रिटनमध्ये असंच विधेयक मार्च २०२३ मध्ये कॉमन्सने मंजूर केलं. ते लॉर्ड्समध्ये दुरुस्त्यांच्या ढिगाखाली अडकलं. २०२४ मध्ये पुन्हा आणलं, तेही पुढे गेलं नाही.

विरोध कुणाचा? बंदुकवाल्यांचा तर आहेच, पण आफ्रिकी सरकारांचाही. बोट्स्वानात सुमारे १,३०,००० हत्ती आहेत. त्या देशाने २०१४ मध्ये शिकार बंद केली आणि गावकऱ्यांच्या तक्रारी वाढल्यावर २०१९ मध्ये पुन्हा उघडली. जर्मनीत आयात आणखी कडक करायची बोलणी सुरू असताना एप्रिल २०२४ मध्ये बोट्स्वानाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मासिसी म्हणाले, की वीस हजार हत्ती तुम्हाला भेट देतो, त्यांच्याबरोबर राहून दाखवा. नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावांना वन्यप्राण्यांवर हक्क मिळाले. शिकारीचा पैसा आणि मांस गावाच्या समितीकडे जातं. पाकिस्तानच्या गिलगिट-बाल्टिस्तानात मारखोर या रानबोकडाचे दरवर्षी मोजके परवाने लिलावाने विकले जातात आणि ८० टक्के रक्कम खोऱ्यातल्या गावांना मिळते. तिथं मारखोर वाढलेही आहेत. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात शंभराहून अधिक संशोधकांनी पत्र लिहून बजावलं, की सरसकट बंदी घातली तर शिकारीवर तगून असलेली राखीव जमीन नांगराखाली जाईल. त्यातल्या काहींचे शिकार संघटनांशी असलेले लागेबांधे नंतर उघड झाले, हेही सांगायला हवं.

समोरच्या बाजूचंही ऐकू. ट्रॉफी शोधणारा म्हातारा, खंगलेला सिंह शोधत नाही, त्याला भरघोस आयाळ हवी असते. कळपाचा नर गेला की दुसरा येतो आणि आधीची पिल्लं मारतो. एका गोळीत पाच-सहा जीव जातात. वाघातही असंच घडतं. पैशाचा मोठा भाग कंपनी आणि राजधानीत मुरतो, गावात चिल्लर पोचते. आणि सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे कायदेशीर वाट बेकायदा मालालाही चालते. दक्षिण आफ्रिकेत गेंड्याच्या शिकारीचे परवाने काढून व्हिएतनामी 'शिकारी' येऊ लागले. त्यातल्या काहींना बंदूक धरता येत नव्हती. त्यांना ट्रॉफी नकोच होती, शिंग औषधी बाजारात विकायचं होतं. २०१२ मध्ये त्यांना परवाने देणं थांबवावं लागलं.

भारत या वादात नुसता प्रेक्षक नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोत आठ चित्ते उतरले, ते नामिबियातून. ज्या देशाने ट्रॉफी शिकारीला संवर्धनाचा खांब मानलं, त्यानेच शिकारीत चित्ता गमावलेल्या भारताला आपले चित्ते दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पनामात साइट्सच्या बैठकीत हस्तिदंताच्या व्यापाराचा आफ्रिकी प्रस्ताव आला. एरवी विरोधात हात वर करणारा भारत या वेळी तटस्थ राहिला. मैत्री आणि तत्त्व यांच्या ओढाताणीत आपण सापडलो, अशी चर्चा तेव्हा झाली.

मग खरं काय?

मध्य भारताचा अनुभव साक्षीला काढला, तर दोन्ही पक्षांना थोडं थोडं टोचेल.

शिकारवाल्यांना टोचेल ते हे: आपल्याकडेही कोटा होता, ब्लॉक होते, शुल्क होतं, परकीय चलन होतं. तरी १९५० ते १९७० या वीस वर्षांत वाघ संपत आला, कारण परवान्यावरचा एक वाघ मोजायला कुणी नव्हतं आणि जीपवरचे बाकीचे वाघ कुठल्याच कागदावर नव्हते. हाकेकऱ्याला आणे मिळाले, पुढच्या वर्षी वाघ जिवंत राहावा असं वाटायला त्याला काही कारण मिळालं नाही. नामिबियाची पद्धत जिथं खरोखर चालते, तिथं ती गावाच्या हक्कामुळे चालते. आपल्या शिकार कंपन्यांनी तो हक्क कधी दिलाच नाही.

बंदीवाल्यांना टोचेल ते हे: केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, तरी पुढच्या चार दशकांत तिथले वन्यप्राणी मोठ्या प्रमाणावर घटले. आपल्याकडे १९७० च्या बंदीनंतर सरिस्का आणि पन्ना झालं. वाघ नुसत्या बंदीने वाढला नाही. गावं हलली, पहारे बसले, हरणं वाढली, न्यायालयं जागी राहिली. नागपूर–शिवनी महामार्ग पेंचमधून जातो. त्याच्या खालून जनावरांना जायला लांबच लांब भुयारी वाटा बांधाव्या लागल्या, त्यातली सर्वांत मोठी साडेसातशे मीटरची. आता वाघ त्याखालून जाताना कॅमेऱ्यात दिसतात. २०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. हा आकडा बंदीचा आहे, तसाच या सगळ्या खर्चाचाही आहे.

आणि खर्च कोण करतो? पेंचच्या तुरिया दारावर जिप्सी आहेत, गाईड आहेत, हॉटेलं आहेत. वाघ तिथं जिवंतपणी कमावतो. सौंसर-पांढुर्ण्याच्या वावरांत सफारीचं दार नाही. तिथं रानडुक्कर संत्र्याची मुळं उकरतं, रोही कपाशी तुडवतो, आणि गुरावर झडप पडली की पंचनाम्यासाठी धावपळ. डुक्कर किंवा रोही मारायची परवानगी कायद्यात आहे, पण अर्ज, चौकशी, परवाना आणि बंदूकवाला माणूस या चारही गोष्टी रात्रीतून जमत नाहीत. मारलं तरी जनावर सरकारजमा. माणूस दगावला तर महाराष्ट्रात वारसांना २५ लाख मिळतात. मध्य प्रदेशात ही रक्कम ८ लाख होती, आणि २५ लाख करण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. हद्दीवरच्या सातनूरच्या नाक्यावरून इकडे-तिकडे फिरणाऱ्या वाघाला ही तफावत ठाऊक नव्हती. शेतकऱ्याला होती.

म्हणून युरोपच्या संसदांतला प्रश्न मला अर्धा वाटतो. ट्रॉफीची आयात बंद करावी का? वाघासारखा मोजका उरलेला, सावकाश वाढणारा आणि ज्याच्या प्रत्येक हाडाला बाजार आहे असा प्राणी असेल, तर बंद करावी. आपला अनुभव इतकं स्पष्ट सांगतो. पण ज्या दिवशी तो दरवाजा बंद होईल, त्या दिवशी त्या गावाच्या समितीत जाणारा पैसा कुठून येणार, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं हवं. आपण १९७० मध्ये ते लिहायला विसरलो, आणि ती बाकी आजही पंचनाम्याच्या कागदांवर थकलेली आहे.

अठरा नखं

पेंचची 'कॉलरवाली' वाघीण १५ जानेवारी २०२२ ला वारली. वय सोळा-सतरा. आठ वेतांत तिने २९ बछडे दिले. साठ वर्षांपूर्वी तिचं कातडं मीठ लावून म्हैसूरला गेलं असतं. दुसऱ्या दिवशी तिच्या चितेला गावकरी, वनरक्षक, गाईड जमले, हार घातले गेले, काहींचे डोळे भरून आले.

मेलेला वाघ जाळण्याआधी एक तपासणी होते. शवविच्छेदन करताना अवयव पूर्ण आहेत का, ते पाहिलं जातं: चार सुळे, मिशा, आणि नखं. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. सगळी जागेवर असल्याची नोंद होते, मग पंचांसमोर कातडं, हाडं, नखं यांच्यासकट सगळा वाघ जळून जातो. ताईतालाही काही उरत नाही. ज्या मुलखात कातड्यावर राखण बसवावी लागे, तिथंच आता राखेची नोंद ठेवली जाते.

जुन्या मालगुजारी वाड्यांत, वकिलांच्या दिवाणखान्यांत अजून कुठे कुठे आजोबांचा वाघ, दारावरची सांबरशिंगं दिसतात. तुमच्या घरी असं काही असेल तर मालकीचं प्रमाणपत्र शोधून ठेवा. ते विकता येत नाही. वारशाने आलं असेल तर ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव संरक्षकांना कळवावं लागतं. आणि ठेवायचं नसेल, तर २०२२ च्या दुरुस्तीने सोय केली आहे: सात कामकाजी दिवसांची सूचना देऊन ते सरकारकडे जमा करता येतं. मोबदला मिळत नाही.